चार किल्ल्या

आधी आवाज एका पातळीवर आणायचा,
नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो,
हे मला तपकीर गल्लीत तय्यबभाईंनी शिकवलं,
स्पीकरची वायर वितीने मोजून कापता कापता,
एकोणीस वर्षांपूर्वी.
म्हणून फोन मांडीवर ठेवून मी डेसिबल जुळवले.
डिस्क: बहात्तर. स्ट्रीम: बहात्तर.
सहकारनगर, दुपारचे साडेतीन,
पंखा बंद, फ्रीज बंद,
वरच्या किराडांना निरोप, की तासभर
मिक्सर लावू नका.

कैवल्य सोफ्यावर पाय वर घेऊन.
भाचा. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो,
सिनेमे फोनवर बघतो, एक इअरफोन त्याच्या कानात,
दुसरा मित्राच्या.
"मामा, फरक काय पडतो?"
मी आकडे सांगितले.
डिस्कवरून सेकंदाला चार हजार किलोबिट आवाज येतो कधी कधी,
स्ट्रीमवरून सातशे अडुसष्ट, तेही वायफाय खुशीत असेल तर.
उरलेलं कुठे जातं?
कुणीतरी ठरवतं, हे तुला तसंही ऐकू येणार नव्हतं,
आणि टाकून देतं.
"आमटी गाळून प्यायचा प्रकार आहे हा," मी म्हणालो.
"गाळलं की सार होतं," तो म्हणाला. "मला सार आवडतं."

प्रसंग मी निवडला. दीड मिनिटाचा.
जिना, बंद खोली, एक बाई घरी परतते,
कुणी काही बोलत नाही.
ही डिस्क जुन्या बाजारात रविवारी सापडली होती,
नळाच्या तोट्या आणि बिनदांड्याची हातोडी यांच्या मध्ये,
ऐंशी रुपयांना, एक ओरखडा फुकट.
दहा वेळा ऐकायचं.
डिस्क की स्ट्रीम ते नाणं उडवून,
एकाने रिमोट धरायचा, दुसऱ्याने डोळे मिटायचे,
वहीत लिहायचं.

आधी मी.
दहापैकी पाच.
नाण्यालाही तेवढेच मिळाले असते.
कैवल्य काही बोलला नाही, वही माझ्याकडे फिरवली
आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला.

मार्चमध्ये कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला होता.
रेघ सरळ चालत येते, आणि चार हजार हर्ट्झला
पायरी चुकल्यासारखी खाली जाते.
"वयोमानाने," त्या म्हणाल्या. "बोलणं कळतंय ना? मग झालं."
मग झालं.
म्हणजे माझा कानही ठरवायला लागलाय
की हे तुला तसंही लागणार नव्हतं.

मग तो.
दहापैकी नऊ.
दहावा चुकला तेव्हा खाली कुणीतरी
गाडी रिव्हर्सला घेत होतं, तो धरायला नको.
"कसं ओळखलंस?"
"मागे डावीकडे, मामा. ती बाई टेबलावर किल्ल्या ठेवते ना,
स्ट्रीमवर नुसत्या किल्ल्या पडतात.
डिस्कवर मोजता येतात.
चार आहेत."

एकोणीस वर्षं मी हे लोकांना पटवतोय,
हप्त्यावर रिसीव्हर, भिंतींना भोकं,
सुलभाचं "पाहुणे बसवायचे कुठे, सबवूफरवर?"
आणि आज पहिल्यांदा कुणी पुरावा दिला.
मी उठून उभाच राहिलो.
"बघ! मग आता?"
"आता काय. फरक आहे," बुटाची नाडी बांधत तो म्हणाला,
"पण मला चालतं."

त्याला बस मिळाली असेल.
डिस्क अजून आत फिरतेय, पडद्यावर मेन्यू,
तेच अकरा सेकंदांचं संगीत परत परत.
चार होत्या का खरंच?
पूर्वी मला ऐकू यायच्या, की तेव्हाही
मी आकड्यांवरच भरवसा ठेवला होता?

फ्रीज चालू करायचा राहिलाय.
मी घराचा जुडगा घेतला
आणि खुर्चीतून न वळता, डाव्या खांद्यावरून
मागच्या टेबलावर टाकला.
माझ्या जुडग्यात पाच आहेत,
मीटरच्या पेटीची धरून.
आवाज एकच आला.
उठलो, जुडगा उचलला,
परत येऊन बसलो, पुन्हा टाकला.